कोणी हात लावला होता का?

“यंत्र कधी खोटं बोलत नाही,” असं गंभीरपणे सांगून प्रोग्रामर टेबलाखाली शिरला. आपण खोटं बोलत असताना समोरच्यांचे चेहरे दिसू नयेत, एवढाच त्यामागे उद्देश होता.

टेबलाखाली पाहण्यासारखं काही नव्हतं. एक वायर भिंतीकडे जात होती, दुसरी प्रिंटरकडे, आणि तिसरी कुठेच जात नव्हती. ती बहुधा आधीच्या संगणकाबरोबर आली होती आणि तो गेल्यावर मागे राहिली होती. प्रोग्रामरने तिन्ही वायरी एकेक करून हलवल्या. टॉर्च दातात धरलेला असल्यामुळे अधूनमधून नुसतंच ‘हं’ केलं. टेबलाच्या पलीकडे दोन जोड पावलं उभी होती. पांढरे कॅनव्हासचे बूट डॉक्टरीणबाईंचे. अंगठ्याजवळ शिवलेल्या तपकिरी चपला मावशींच्या. चपला बुटांच्या अर्धं पाऊल मागे होत्या.

“सापडलं का काही?” बुटांनी विचारलं.

“बघतोय.”

काय बिघडलं होतं ते त्याला वर खुर्चीत बसल्याबसल्याच सापडलं होतं.

हा जनावरांचा दवाखाना. बाहेर बसायची खोली आणि मावशींचं काउंटर, मध्ये पातळ पार्टिशन, आत तपासणीचं टेबल आणि त्याच्याही आत एक्स-रे. कुठल्या कुत्र्याला कुठली लस कधी दिली, कुठल्या मांजराचं वजन किती भरलं, कोणाच्या मालकाला केव्हा आठवण करायची, हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर प्रोग्रामरने काही वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं. ते उत्तम चाललं होतं. उत्तम चाललेलं सॉफ्टवेअर पाहिलं की प्रोग्रामर लोकांना चैन पडत नाही. शनिवारी संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावर त्याने घरी बसून, इंटरनेटवरून, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दवाखान्याच्या संगणकावर चढवली. कोणी मागितली नव्हती. तिच्यातली मुख्य सुधारणा म्हणजे बटणांचे कोपरे आता गोल झाले होते.

घोडं अडलं ते मात्र भलतीकडेच. प्रोग्राम आणि डेटाबेस एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मध्ये ड्रायव्हर नावाचा एक दुभाषा लागतो. दवाखान्याच्या संगणकावर होता तो जुन्या पद्धतीचा दुभाषा, एक्स-रे मशीनच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला. नव्या आवृत्तीला हवा होता नव्या पद्धतीचा. प्रोग्रामरच्या घरच्या संगणकावर दोन्ही होते, त्यामुळे घरी सगळं झकास चाललं. दवाखान्यात प्रोग्राम उघडायचा, इकडेतिकडे बघायचा, ‘डेटाबेस सापडला नाही’ एवढं म्हणायचा आणि मिटायचा.

रविवार सुट्टीचा. सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी फोन केला तो कोणी घेतलाच नाही, आणि त्याने उलटा फोन केला तो दुपारी, जेवण झाल्यावर. ‘सापडला नाही म्हणजे गेला कुठे?’ हा डॉक्टरीणबाईंचा प्रश्न रास्त होता. उत्तर सुचेना, म्हणून त्याने त्याच्या धंद्यात सगळेच विचारतात तो प्रश्न विचारला.

“कोणी हात लावला होता का?”

डॉक्टर जीभ बाहेर काढायला सांगतात, तशातला हा प्रश्न आहे. उत्तराशी कोणाला फारसं देणंघेणं नसतं. तेवढ्या वेळात विचार करायला सवड मिळते. पण दवाखान्यातला फोन स्पीकरवर होता आणि प्रश्नानंतर पलीकडे एकदम शांतता पसरली. कुठेतरी एक कुत्रं धापा टाकत होतं, तेवढं ऐकू आलं. मग मावशींचा आवाज आला.

“मी पुसलं होतं टेबल. सकाळी.”

“हां,” प्रोग्रामर म्हणाला. “मग तसंच काहीतरी झालं असणार.”

त्या वेळी त्याला खरं कारण खरोखरच माहीत नव्हतं. हा मुद्दा त्याने पुढे स्वतःशी बऱ्याचदा मांडून पाहिला.

आता, मंगळवारी, मात्र माहीत होतं, आणि तो टेबलाखाली होता. तो गुडघे झटकत बाहेर आला, खुर्चीत बसला आणि कामाला लागला. नवा ड्रायव्हर बसेना. जुना असताना मी येणार नाही, असा त्याचा हट्ट. एका स्वयंपाकघरात नांदायला नाही म्हणणाऱ्या दोन जावांसारखी गत. शेवटी त्याने तो चोरवाटेने आत घेतला, एक्स-रे चालू आहे ना ते बघितलं, आणि वर खबरदारी म्हणून सॉफ्टवेअरची जुनी, चौकोनी कोपऱ्यांची आवृत्ती परत बसवली. म्हणजे एका दुखण्यावर दोन औषधं एकदम दिली. गुण कोणत्या औषधाने आला, हे पाहायला तो थांबला नाही.

पडद्यावर जनावरांची यादी आली. डॉक्टरीणबाईंनी श्वास सोडला.

इथे सांगून टाकता आलं असतं. प्रोग्रामरने तोंड उघडलंही. पण उघडलेल्या तोंडातून आलं ते असं:

“ओल्या फडक्याने पुसत जाऊ नका एवढं.”

“कोरडाच असतो फडका,” मावशी म्हणाल्या.

“कोरड्याने तर जास्तच. स्थिर वीज तयार होते.”

“जाऊ द्या ना आता,” डॉक्टरीणबाई घाईघाईने म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. “झालं ते झालं. कोणाला मुद्दाम करायचं होतं थोडंच.”

मावशींनी मान डोलावली. प्रोग्रामरला वाटलं, किती समंजस माणसं आहेत ही. घरी जाताना त्याला ते समंजसपण सबंध रस्ताभर टोचत राहिलं.

पुढचे काही दिवस त्याने त्या दवाखान्याच्या रस्त्याने जायचं टाळलं. जायचं काही कारण नव्हतंच, पण टाळलं.

त्याच्या कंपनीत दोन माणसं होती, तो आणि बायको. सकाळी बायको शाळेत भूमिती शिकवायची आणि दुपारनंतर कंपनीचा फोन घ्यायची. फोनवर तिचा आवाज इतका गोड व्हायचा, की पहिल्यांदा ऐकला तेव्हा प्रोग्रामरला वाटलं, चुकीचा नंबर लागला. एका संध्याकाळी तो बटाटे सोलत होता आणि ती त्याच गोड आवाजात बराच वेळ ‘हो का’, ‘अरेरे’, ‘नाही नाही, सांगा ना’ असं म्हणत होती. फोन ठेवला आणि आवाज मूळ पदावर आला.

“जनावरांच्या डॉक्टरीणबाई. मावशींचं नाव काढून टाकायचंय म्हणे सॉफ्टवेअरमधून.”

“का?”

“मावशी काम सोडतायत. महिनाअखेरीला.”

प्रोग्रामर हातातला बटाटा सोलत राहिला. त्या बटाट्याला आता साल उरलं नव्हतं.

“तुमचं सॉफ्टवेअर दोन दिवस बंद होतं ना, तेव्हा कोणी मांजरवाले गृहस्थ दोन वेळा टोपली घेऊन परत गेले,” बायको सांगू लागली. “नोंद दिसत नाही, उद्या या, नोंद दिसत नाही, उद्या या. शेवटी त्यांनी भर गर्दीत आरडाओरडा केला. कोणामुळे झालं ते सांगा म्हणाले. तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या बाई उद्यापासून कॉम्प्युटरवर बसणार नाहीत. मावशी तिथेच उभ्या होत्या.”

“असं म्हणाल्या त्या?”

“सांगताना रडवेल्या झाल्या होत्या. तोंडातून निघून गेलं म्हणाल्या. आता मावशी वजनकाट्यापाशी उभ्या असतात दिवसभर. वजन बघायला असं किती वेळ लागतं? फुकटचा पगार नको म्हणून त्यांनीच सांगितलं, मी सोडते. भावाच्या घरी राहतात. दिवसभर तिथे बसून राहायचं म्हणजे भावजयीच्या डोळ्यांवर यायचं.” बायकोने त्याच्या हातातून बटाटा काढून घेतला. “तू त्यांचं नाव काढशील, पण त्यांनी नक्की काय केलं होतं रे? टेबल पुसल्याने डेटाबेस जातो?”

प्रोग्रामरने तिला सगळं सांगितलं. शनिवार, नवी आवृत्ती, गोल कोपरे, दुभाषा. सांगताना ‘तांत्रिकदृष्ट्या’ हा शब्द बराच वापरला.

बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वर्गात फळ्यावर चुकीची सिद्धता लिहिणाऱ्या मुलाकडे ती अशीच बघत असणार.

“हे त्यांना सांगितलंस?”

“मला कोणी विचारलं नाही.”

“बरोबर. विचारायचं काम तुझं. कोणी हात लावला होता का म्हणून.”

“अगं, ते आम्ही सगळ्यांनाच विचारतो.”

“आणि कोणीतरी हो म्हणालं, की तुम्हाला बरं वाटतं.”

ती विळीकडे वळली. थोड्या वेळाने, पाठमोरीच, म्हणाली, “घाई नाही, असं तीनदा म्हणाल्या त्या. नाव स्वतःच्या हाताने काढवत नाही म्हणे. बटण तर एकच आहे ना?”

“एकच आहे.”

“गोल कोपऱ्यांचं?”

प्रोग्रामरने भांडं घेतलं आणि नळाखाली धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात पोचला तेव्हा बाहेर एक पोपटवाल्या आजी बसल्या होत्या आणि एक माणूस मोठ्या तांबूस कुत्र्याला मांडीवर घेऊन बसला होता. खरं तर कुत्रं मांडीत मावत नव्हतं. त्याचा पुढचा पाय दुखावला होता आणि बाकीचं कुत्रं सहानुभूती म्हणून वर चढलं होतं. संगणकावर एक कागद चिकटवला होता: ‘कृपया हात लावू नये.’ अक्षर डॉक्टरीणबाईंचं. मावशी कोपऱ्यात वजनकाट्याजवळ उभ्या होत्या. त्यांच्यासाठी तिथे खुर्ची ठेवली होती. खुर्चीवर नवी कोरी उशी होती. मावशी तिच्यावर बसलेल्या नव्हत्या.

“या,” त्या म्हणाल्या. “चहा सांगू?”

“नको, नको.” त्यांच्याकडे न बघता तो काउंटरमागे गेला. चहाला नाही म्हणताना आपला आवाज इतका वर का गेला, हे त्याला कळलं नाही.

त्याने सॉफ्टवेअर उघडलं. वापरणाऱ्यांच्या यादीत दोनच नावं होती. मावशींच्या नावावर बाण नेऊन ठेवला, की खाली ‘काढून टाका’ हे बटण आपोआप जागं व्हायचं. ही सोय त्यानेच केली होती आणि तेव्हा त्याला तिचा अभिमान वाटला होता.

बटण दाबायच्या आधी, उगीचच वेळ काढायला म्हणून, त्याने जनावरांची यादी उघडली. मावशी दोन बोटांनी टाइप करायच्या. सॉफ्टवेअर बनत होतं तेव्हा त्यांनी एकच मागणी केली होती: ‘स्वभाव’ म्हणून एक रकाना हवा. डेटाबेसमध्ये स्वभावाला जागा नसते, असं त्याने तेव्हा त्यांना समजावलं होतं, आणि त्या ‘बरं’ म्हणून तिथेच उभ्या राहिल्या होत्या. शेवटी त्याने रकाना दिला. नंतर तो विसरूनही गेला. आता तो खाली खाली जात वाचत राहिला. ‘चावतो.’ ‘चावत नाही, पण चावेल असं दाखवतो.’ ‘टोपलीचं झाकण आपण उघडू नये, तिला स्वतः उघडायचं असतं.’ ‘गरीब. मालक ओरडतात.’ ‘सुई दिसली की झोपेचं सोंग घेतो, तेव्हाच टोचावं.’ ‘हा गेला. मालकांना आठवणीचा फोन करू नये.’

गेल्या काही दिवसांतल्या नोंदी डॉक्टरीणबाईंनी केल्या होत्या. त्यांत स्वभावाचा रकाना रिकामा होता.

प्रोग्रामर उठला आणि पार्टिशनच्या दारातून आत डोकावला.

“बाई, जरा बोलायचं होतं.”

डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. “निघालं नाव?”

“नाही. ते काढायचं कारण नाही.” तो आत येऊन उभा राहिला. “त्या सोमवारी बिघाड झाला तो माझ्यामुळे झाला. शनिवारी घरून मी नवी आवृत्ती टाकली होती. तिच्यामुळे बंद पडलं. मंगळवारी मी आलो तेव्हा मला ते कळलं, आणि मी सांगितलं नाही.”

नळ चालूच राहिला. डॉक्टरीणबाईंनी तो बराच वेळ बंद केला नाही. मग केला.

“म्हणजे… टेबल पुसल्यामुळे नाही?”

“नाही.”

“मागची एखादी वायर सरकली, काही दाबलं गेलं, असं काहीच नाही?”

“टेबल पुसल्याने डेटाबेस जात नाही हो.”

“आणि ती स्थिर वीज?”

“ती मी तोंडाला आली ती बोललो.”

त्या रागावतील, अशी त्याची अपेक्षा होती. रागावल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं. घरून निघताना त्याने मनाची तशी तयारी करून ठेवली होती. पण त्या नुसत्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या, रिपोर्ट हातात येईपर्यंत माणूस लॅबवाल्याकडे बघतो तशा.

“हे तुम्ही मावशींसाठी म्हणताय,” त्या हळू म्हणाल्या. “त्या सोडून चालल्यात म्हणून.”

“नाही. खरंच माझ्यामुळे झालं.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग दाखवा मला.”

“काय?”

“तेच. पुन्हा बंद पाडून दाखवा.”

आपलं सॉफ्टवेअर बंद पाडून दाखवा, अशी मागणी प्रोग्रामरकडे आजवर एकाही ग्राहकाने केली नव्हती. तशी वेळच आली नव्हती. न मागता पडायचं. त्याला एकदम हलकं वाटलं. पुरावा देता येत होता, आणि तोही स्वतःच्या हाताने. त्याने पिशवीतून नव्या आवृत्तीचा पेन ड्राइव्ह काढला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, कुत्रेवाल्याला ‘दोन मिनिटं हं’ म्हणाल्या, वजनकाट्याजवळची ती उशीची खुर्ची ओढून काउंटरमागे आणली आणि प्रोग्रामरच्या शेजारी बसल्या. मावशी पोपटाच्या पिंजऱ्यावरचं फडकं सारखं करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पडद्यावर हिरवी पट्टी भरू लागली.

“ही भरली की सॉफ्टवेअर उघडायचं,” प्रोग्रामर म्हणाला. “मग ते म्हणेल, डेटाबेस सापडला नाही.”

“हं.”

“आणि बंद होईल.”

“हं.” डॉक्टरीणबाईंनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. त्यांची बोटं पांढरी पडली होती. कोणाला ऑपरेशनच्या टेबलावर घेतानाही त्यांचा चेहरा असा झाला नसेल. प्रोग्रामरने मनात म्हटलं, बिचाऱ्यांना आपल्या नोंदींची किती काळजी.

पट्टी भरली. त्याने सॉफ्टवेअर उघडलं.

ते उघडलं. इकडेतिकडे बघितलंही नाही. जनावरांची सबंध यादी एका दमात पडद्यावर आली, सगळे स्वभाव जागच्या जागी, आणि खाली गोल कोपऱ्यांची बटणं झळकू लागली.

प्रोग्रामरने ते बंद केलं आणि पुन्हा उघडलं. पुन्हा उघडलं. त्याने संगणक बंद करून चालू केला. कधी नव्हे इतक्या चटकन ते उघडलं. एवढी वर्षं लोकांसमोर दाखवताना ज्याने हमखास दगा दिला, ते सॉफ्टवेअर आज धडा पाठ केलेल्या मुलासारखं धडाधड उत्तरं देत होतं.

“चालतंय की,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचे हात टेबलावरून मांडीवर आले.

“थांबा, थांबा.” तेवढ्यात त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “मंगळवारी मी नवा ड्रायव्हर बसवला होता. तो अजून आत आहे, म्हणून चालतंय. त्या सोमवारी तो नव्हता. तो काढला की बघा, लगेच बंद पडेल.”

“तो काढला तर एक्स-रे चालेल?”

प्रोग्रामरचा हात माउसवरून मागे आला. दोन जावांना चोरवाटेने एका घरात आणलं होतं. आता एकीला बाहेर काढलं, तर जाताना ती काय काय घेऊन जाईल, कोण सांगणार?

“चालेल ना?” डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. त्या कुत्र्याच्या पायाकडे बघत होत्या, पण प्रश्नात अजून थोडा जीव होता.

“सांगता येत नाही,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो ग्राहकाशी खरं बोलत होता, आणि ते कोणाच्याच कामाला येत नव्हतं.

“मग राहू दे.”

“पण माझ्यामुळेच झालं होतं, बाई. शपथ घेऊन सांगतो. हवं तर घरी येऊन बघा, माझ्या संगणकावर—”

“तुमचं मन चांगलं आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाजात कौतुक होतं आणि आणखीही काहीतरी होतं. त्याला ती निराशा वाटली, पण निराश व्हायचं काय कारण, ते त्याला उमगेना. “दुसऱ्यासाठी एवढं अंगावर कोण घेतं आजकाल?”

त्या उठल्या. खुर्ची उचलून त्यांनी परत वजनकाट्याजवळ नेऊन ठेवली, उशी सारखी केली, मावशींना काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं, आणि मग कुत्रेवाल्याला म्हणाल्या, “चला, आत घ्या त्याला.” पार्टिशनचं दार लागलं.

प्रोग्रामरने पेन ड्राइव्ह काढला, टोपण लावलं, टोपण काढलं. ज्याच्या पायी झोप उडाली होती तो अपराध शेवटी कबूल केला, तर पदरात शाबासकी पडली. ही आता बायकोला कशी सांगायची? तो काउंटरमागून निघून वजनकाट्यापाशी गेला. पोपट काट्यावर चढवलेला होता आणि त्याच्या आजी पिशवीत काहीतरी शोधत होत्या.

“मावशी.”

“ऐकलं मी. पार्टिशन काय, काउंटर काय, इथे सगळं ऐकू येतं.”

“चूक माझी होती, मावशी. तुमच्यावर खापर फुटलं.”

“असेल.”

“तुमचा विश्वास नाही?”

“आहे की.” मावशींनी पोपटाचं वजन एका चिठ्ठीवर लिहिलं. “तुमच्याशिवाय त्यात शिरतंय कोण?”

आपल्यावर कोणीतरी एकदाचा विश्वास ठेवला, या आनंदात त्याला त्या वाक्याचा उरलेला अर्थ जाणवला नाही. “मग तुम्ही सांगा ना बाईंना,” तो म्हणाला. “तुमचं ऐकतील त्या. तुमची खुर्ची तिथली आहे, कॉम्प्युटरपाशी. ही नाही.”

“नको. ते नाव तेवढं काढा आजच्या आज.”

“अहो, का?”

“रोज सकाळी मशीन उघडलं, की माझं नाव पहिलं येतं. बाईंना ते बघवत नाही. चहा तसाच गार होतो त्यांचा.” त्यांनी पिंजरा आजींच्या हातात दिला आणि आवाज खाली आणला. “आणि मला बघितलं की कसनुसं हसतात. उशी काय आणतात, लवकर घरी जा काय म्हणतात. असं किती दिवस चालणार? माणसाचा जीव जातो अशाने.”

“पण त्यांना कसनुसं व्हायचं काय कारण? आणि तुम्ही तरी कशाला सोडून जायचं? तुम्ही फक्त टेबल पुसलंत, मावशी. त्याने काही होत नाही.”

मावशींनी एकदा पार्टिशनच्या दाराकडे बघितलं. आत डॉक्टरीणबाई कुत्र्याशी हळू आवाजात बोलत होत्या.

“सोमवारी मी दुपारची येते,” त्या म्हणाल्या. “सकाळचं टेबल बाईच पुसतात.”